रिकामा रकाना आणि एक जून

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. पटावरील क्रमांक १९१४. नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’. ती एक ओळ लिहिली गेली व जपली गेली, म्हणूनच २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो.

सातारा-सांगलीच्या खेड्यांतील आपल्या कित्येक आईवडिलांची जन्मतारीख मात्र कोणी टिपून ठेवली नव्हती. शाळेत घालताना गुरुजी वर्ष अंदाजाने धरीत आणि तारीख १ जून लिहीत. प्रवेश मिळाला, परंतु ‘माहीत नाही’ हे सत्य पुसले गेले.

माजी विद्यार्थ्यांची यादी संगणकावर चढविताना हाच प्रश्न आमच्यापुढे आला. एसक्यूएल या माहिती विचारण्याच्या भाषेत अज्ञात माहितीसाठी ‘नल’ ही खूण असते. नल आणि शून्य यांत मोठे अंतर आहे. समजा, चौघांपैकी तिघांचे गुण ६०, ७० व ८० आहेत आणि चौथ्याचे गुण उपलब्ध नाहीत. ही भाषा रिकामा रकाना वगळून सरासरी ७० देते. तेथे शून्य लिहिल्यास ती ५२.५ होते. न तपासलेली उत्तरपत्रिका जणू कोरी ठरते!

दुसरा नियम अधिक सूक्ष्म आहे. दोन अज्ञात तारखा समान आहेत असे ही भाषा मानत नाही. म्हणून रिकामे रकाने शोधताना बरोबरचे चिन्ह चालत नाही, ‘इज नल’ असेच विचारावे लागते. तसेच ‘१ जूनला जन्मलेले’ आणि ‘१ जूनला न जन्मलेले’ अशा दोन याद्या मागितल्या, तर ज्यांची तारीखच नाही ते दोन्हींतून गळतात. ज्यांची नोंद नाही त्यांच्याविषयी वेगळे विचारल्यावाचून ते दिसत नाहीत, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगावयास नको.

म्हणून आम्ही ठरविले आहे : अज्ञात रकाना रिकामा ठेवावयाचा, त्याची संख्या स्वतंत्र मोजावयाची आणि तारीख अंदाजे असल्यास शेजारच्या रकान्यात तसे नमूद करावयाचे. ज्यांचा १ जून गुरुजींनी दिलेला आहे, त्यांनी संकोच न बाळगता आम्हांस कळवावे. दाखल्यावरील तारीख तशीच राहील. आमच्या यादीत तिच्यापुढे ‘अंदाजे’ हा शब्द तेवढा येईल.