दमणं मोजता येतं का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी, सेनगाव तालुक्यात गेलो होतो. चुलतभाऊ (आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो) पोलीस भरतीची तयारी करतो. मलाही कॉलेजच्या स्पोर्ट्समध्ये १५०० मीटर पळायचं होतं, म्हणून पहाटे साडेचारला त्याच्यासोबत रोडवर. दादाचा नियम एकच, रोज जीव जाईस्तोवर पळायचं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या नडगीत कळ यायला लागली, त्याच्या तर आधीपासूनच होती, पण बोलत नव्हता. मागच्या ग्राउंडला तो १६०० मीटर लंगडतच पळाला होता. पन्नासपैकी वीस मार्क त्या एका पळण्याला असतात. वयाची अट जवळ आलेली, घरी रोज विषय निघतो.

हॉस्टेलवर परत आल्यावर वाचत बसलो. कार्ल फॉस्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाची पद्धत एकदम सोपी आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, शून्य ते दहामध्ये किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं, म्हणजे त्या दिवसाचा भार. घड्याळ नको, मशीन नको, वही पुरते.

दादाचा आठवडा मांडला. रोज ५० मिनिटं, जड ७, म्हणजे ३५०. असे सहा दिवस, रविवारी सुट्टी. एकूण २१००. आता फॉस्टर सरासरीला प्रमाण विचलनाने भागतो (एम-थ्री आठवलं ना?) आणि त्याला एकसुरीपणा म्हणतो. दादाचा आला २.२७. दोनच्या वर गेलं की तब्येत बिघडायची शक्यता वाढते असं त्याचं निरीक्षण. मग तेच २१०० असे वाटले: ६००, १५०, ५००, १००, ६००, १५०, ०. एकसुरीपणा १.१७! एकूण भार गुणिले एकसुरीपणा म्हणजे शरीरावरचा ताण. तो ४७६० वरून २४५० च्या आसपास आला. घाम तेवढाच, ताण निम्मा.

दुसरी गोष्ट इलेक्ट्रिकलवाल्यांना लगेच कळेल. बॅनिस्टर यांच्या मॉडेलमध्ये प्रत्येक सराव दोन कपॅसिटर चार्ज करतो, एक दमाचा, एक थकव्याचा. थकव्याचा टाइम कॉन्स्टंट साधारण ७ दिवस धरतात, दमाचा ४२. दहा दिवसांनी आधीचा थकवा २४ टक्के उरतो, कमावलेला दम मात्र ७९ टक्के. म्हणून ग्राउंडच्या आधी आठ-दहा दिवस पळणं कमी करायचं. आपली पोरं नेमकी तेव्हाच डबल पळतात. (सबमिशनच्या आठवड्यातली जागरणंही शरीराला भारच वाटतात, ती या वहीत येत नाहीत एवढंच.)

सकाळी अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजावी. माझी ५८ असते. दोन-तीन दिवस सलग ६५ दिसली तर मी त्या दिवशी हळूच पळतो. एकट्या नाडीवर भरवसा नको, ताप किंवा अपुरी झोप असली तरी ती वाढते. हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की दुखत असेल तर मात्र गणित बंद, डॉक्टर.

दादाला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अविनाश साबळे असं वहीत लिहून पळाला का?" साबळे आमच्या मराठवाड्याचाच, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. मी म्हणालो, दादा, २०१८ ला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचं नॅशनल रेकॉर्ड केलं ८ मिनिटं २९.८० सेकंदांत, आणि २०२४ ला पॅरिसला ८ मिनिटं ०९.९१. वीस सेकंदांना सहा वर्षं लागली. तू तीन आठवड्यांत मागतोयस.

तो काही बोलला नाही. पण परवा वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मंगळवार, ३० मिनिटं, जड ३, भार ९०. खाली लिहिलंय, "नडगी कमी दुखली. आई विचारती, आज लवकर कसा आलास."