दंडावरील वण : विश्वशांतीचा एक पाठ

वरच्या वर्गांत विश्वशांती हा विषय आला की आपण बहुधा फळ्यावर कबुतर काढतो, युद्ध वाईट असे मुलांकडून वदवून घेतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. परस्परांचा द्वेष करणारी दोन राष्ट्रे एकत्र काम करतात म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, हे मुलांना त्यातून कळत नाही. ते दाखविण्याचे एक साधन प्रत्येक गावात आहे. आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याचे वण आहेत काय, किती आहेत, देवी कोणी काढल्या व त्या वेळी घरात काय बोलणे झाले, हे मुलांनी घरी विचारून यावे. (तरुणांच्या डाव्या दंडावरील लहान वण बहुधा क्षयाच्या लशीचा, म्हणजे बीसीजीचा असतो, त्याची गल्लत होऊ देऊ नये.)

दुसऱ्या दिवशी कोणीतरी मूल विचारीलच : आजोबांना वण आहे, मग मला का नाही? येथून पाठास प्रारंभ करावा.

देवीच्या रोगाने विसाव्या शतकात जगात सुमारे ३० कोटी माणसे दगावली असा अंदाज आहे. उपाय अज्ञात होता असे नव्हे. जेन्नरने तो १७९६ साली शोधला आणि १८०२ साली मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस भारतातील पहिली देवी काढण्यात आली. तरीही पुढे पावणेदोनशे वर्षे रोग टिकला. कारण एका देशाने तो घालविला तरी शेजारच्या देशातून तो परत येई. सर्वांनी मिळून केल्यावाचून हे काम होणारे नव्हते, आणि नेमके तेच त्या काळी अशक्य दिसत होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व सोव्हिएट रशिया एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभे होते. जागतिक आरोग्य संघटनेतूनही रशिया १९४९ साली बाहेर पडला होता. तो परतल्यानंतर १९५८ साली संघटनेची सभा अमेरिकेतील मिनियापोलिस येथे भरली. तेथे रशियाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी देवीचे जगातून निर्मूलन करावे असा प्रस्ताव मांडला. त्या प्रसंगी त्यांनी आधार घेतला तो अमेरिकेचेच अध्यक्ष जेफर्सन यांनी १८०६ साली जेन्नरला लिहिलेल्या पत्राचा. यजमानाच्या पूर्वजाचे शब्द यजमानाच्याच घरी स्मरावे, यातील सौजन्य मुलांच्या सहज ध्यानात येते.

रशियाने नुसता प्रस्ताव मांडून न थांबता लसही दिली, आणि तीही कोरडी. द्रव लस उन्हाळ्यात लवकर निकामी होई. गोठवून सुकविलेली लस मात्र बर्फावाचून खेड्यापर्यंत पोहोचे. पुढील दोन दशकांत रशियाने अनेक देशांस मिळून शंभर कोटींहून अधिक मात्रा दिल्या. क्यूबातील क्षेपणास्त्रांवरून जग १९६२ साली युद्धाच्या कडेला आले. त्याच वर्षी भारताची राष्ट्रीय देवी निर्मूलन मोहीम सुरू झाली व तिच्यासाठी रशियन लस येत होती. अमेरिकेने १९६५ पासून पश्चिम व मध्य आफ्रिकेचा भार उचलला. तेथील डॉ. डोनाल्ड हेंडरसन यांनी १९६७ साली सुरू झालेल्या जागतिक मोहिमेचे नेतृत्व केले. अमेरिकेतच निघालेल्या दुभंगलेल्या टोकाच्या सुईने एका मात्रेत चौघांना देवी काढता येऊ लागल्या.

या सहकार्यात कोणी कोणाच्या शब्दावर विसंबून राहिले नाही, ही गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. लशीचे नमुने कॅनडा व नेदरलंड्स येथील प्रयोगशाळांत तपासले जात. रुग्णांची मोजणी दर आठवड्यास होई. मैत्री नव्हती, तपासता येईल असे काम मात्र होते.

भारतात १९७४ साली सुमारे १ लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले. बिहारमध्ये रोगाने कहर केला होता. त्या मोहिमेतील कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन घरोघर, बाजारात व शाळांतही जात आणि असा रोगी कोठे पाहिला काय, असे मुलांना विचारीत. मोठ्यांनी लपविलेला रोगी मुलांमुळे कळे. रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस असे. १९७५ साली ते १००० रुपयांवर गेले. त्याच वर्षी मे महिन्यात भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का गावी रुग्णालयातील एका स्वयंपाक्यास देवी आल्या. निसर्गतः रोग झालेला तो जगातील अखेरचा रुग्ण. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

या कथेला एक काळी बाजूही आहे. जैविक शस्त्रे वर्ज्य करणाऱ्या १९७२ च्या करारावर सही करूनही रशियाने देवीचे विषाणू शस्त्र म्हणून गुपचूप वाढविले, असे त्या कामातीलच एका शास्त्रज्ञाने देश सोडल्यानंतर उघड केले. हे मुलांना सांगू नये असे काही शिक्षकबंधू म्हणतील. प्रस्तुत लेखकाच्या मते सांगावे. सातवीचे मूल एवढे समजू शकते, आणि न सांगता शिकविलेली शांती ते पुढे थट्टेवारी नेते.

आज हे विषाणू अधिकृतपणे दोनच ठिकाणी आहेत : एक अमेरिकेत, एक रशियात. ते नष्ट करावेत की संशोधनासाठी ठेवावेत, यावर वर्गात दोन गट करून चर्चा घ्यावी. तासात निर्णय झाला नाही तरी हरकत नाही. जागतिक आरोग्य सभेतही तो वर्षानुवर्षे पुढे ढकलला जात आहे.