शब्द एक, अर्थ अनेक : 'अटेन्युएट'



आजचा पाठ एका इंग्रजी शब्दाचा आहे, आणि तो मला एका पालकांनी शिकायला लावला.

२०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर शाळांमधून गोवर-रुबेलाची लस देणं सुरू झालं. ९ महिने ते १५ वर्षं वयाची मुलं त्यात होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील मोबाईलवर वाचून आले. "बाई, लाइव्ह अटेन्युएटेड म्हणून लिवलंय. जित्ता जंतू पोरीच्या अंगात कशाला घालायचा ओ?" मी घाईत म्हणाले, "अहो, पातळ केलेला असतो तो." ते म्हणाले, "म्हंजे पाणी घातल्याली लस? मग उपयोग काय तिचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी त्या दिवशी लस न घेताच घरी गेली. अर्थ मीच अर्धवट सांगितला होता.

शब्द कुठून आला?

लॅटिन भाषेत 'टेनुइस' म्हणजे बारीक, सडपातळ. त्यावरून 'अटेनुआरे' म्हणजे बारीक करणे. इंग्रजीत हा शब्द १६ व्या शतकात आला.

आता गंमत बघा. 'टेनुइस' आणि संस्कृतमधला 'तनु' (बारीक) हे एकाच जुन्या मुळातून आलेले शब्द आहेत. त्या मुळाचा अर्थ ताणणे. आपले ताण, ताणणे, तंतू हे शब्द त्याच घरातले. इंग्रजीतले थिन आणि टेन्शन हेसुद्धा! म्हणजे शब्द परका वाटला तरी आपला लांबचा पाहुणाच आहे.

नेमका अर्थ काय?

आपल्या जवळच्या हुपरीत चांदीकाम चालतं. चांदीची तार बारीक करायची तर ती पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात. तार लांबते, बारीक होते. पण चांदी तीच राहते. हा 'अटेन्युएट'चा मूळ अर्थ.

उलट, पाहुणे वाढले म्हणून रश्श्यात तांब्याभर पाणी ओतलं, तर ते 'डायल्यूट'. मराठीत दोन्हींना आपण 'पातळ' म्हणतो. कापडही पातळ, आमटीही पातळ. माझा घोटाळा इथंच झाला.

बारीक झालेल्या वस्तूचा जोर कमी होतो, म्हणून पुढे या शब्दाला 'जोर कमी करणे, क्षीण करणे' हा अर्थ आला. तो असा वापरतात :

- विज्ञानात : केबलमधून लांब जाताना सिग्नल क्षीण होतो, ते अटेन्युएशन.
- वनस्पतिशास्त्रात : टोकाकडे हळूहळू निमुळतं होत गेलेलं पान.
- वैद्यकात : रोग करण्याची ताकद कमी केलेला जिवंत जंतू.

लशीतला अर्थ

लुई पाश्चर यांनी १८७९-८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम केलं. बरेच दिवस तसेच राहिलेले जंतू टोचले तर कोंबड्या मरत नाहीत, आणि नंतर ताजे जंतू टोचले तरी तगतात, हे त्यांना दिसलं.

बाळाला जन्मल्यावर देतात ती बीसीजीची लस घ्या. तिच्या नावातली शेवटची दोन अक्षरं कॅल्मेट आणि ग्वेरिन या फ्रेंच शास्त्रज्ञांची. त्यांनी गाईच्या क्षयाचा जंतू १९०८ पासून १३ वर्षं प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा नव्याने वाढवला, सुमारे २३० वेळा! तेव्हा कुठे त्याची रोग करायची ताकद गेली. जंतू जिवंतच राहिला. म्हणून शरीर त्याला ओळखतं आणि खऱ्या रोगाशी लढायची तालीम करतं. गोवर-रुबेलाची लस आणि पोलिओचे थेंब याच प्रकारातले.

मात्र सगळ्याच लशी अशा नसतात. धनुर्वाताच्या लशीत जिवंत जंतू नसतो. आणि ज्या मुलाची प्रतिकारशक्ती आजारामुळे फार कमी झाली आहे, त्याच्या पालकांनी जिवंत लशीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं.

वर्गात कसं शिकवाल?

१. कणकेचा गोळा मुलांना हलक्या हाताने ताणायला द्या. कणीक तेवढीच, पण बारीक आणि नाजूक झाली.
२. दुसऱ्या गोळ्यात पाणी घाला. फरक मुलंच सांगतील.
३. मैदानावर एकाने हाक मारायची, दुसऱ्याने लांब लांब जायचं. हाक तीच, पण क्षीण होत जाते.

चार दिवसांनी त्या वडिलांना पुन्हा बोलावलं. या वेळी हुपरीच्या तारेपासून सुरुवात केली. ते म्हणाले, "म्हंजे जंतू हाय, पर दात पाडल्याला!" माझ्या 'पातळ'पेक्षा त्यांचा शब्द कितीतरी नेमका होता. राहिलेल्या मुलांसाठी आरोग्य पथक पुन्हा आलं, तेव्हा मुलगी रांगेत उभी होती.

तेव्हापासून पालकांना इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा असेल तर मी आधी शब्दकोश उघडते. तुमच्या वर्गात असा कुठला शब्द अडला होता? जरूर कळवा.