रक्तवाहिनी-शल्यकर्मातील कृत्रिम द्रव्ये : चिकित्सकाने काय जाणावे?

सुश्रुताचार्यांनी व्रणसीवनासाठी अश्मंतकाची साल, ताग, क्षौम, स्नायू, केस, मूर्वा, गुडूची इत्यादींची सूत्रे सांगितली आहेत. म्हणजे शरीरात कोणते द्रव्य कोठे योजावे, हा विचार शल्यतंत्रास नवीन नाही. रक्तवाहिनीत मात्र प्रश्न बिकट होतो. कारण परद्रव्याचा स्पर्श होताच रक्त स्कंदनास प्रवृत्त होते.

वाहिनी-सीवनाच्या कार्याबद्दल ॲलेक्सिस कॅरल यांना १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये अमेरिकेत आर्थर व्हूरीज व सहकाऱ्यांनी विनियॉन-एन कापडाच्या नळ्यांचे श्वानांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. विणीच्या छिद्रांत रक्त गोठून नळी गळेनाशी होते, हे त्यांतील मर्म. पुढे डेक्रॉन व १९७० च्या दशकात ईपीटीएफई ही द्रव्ये रूढ झाली. नायलॉन शरीरात कालांतराने दुर्बल होते. डेक्रॉन दीर्घकाळ टिकते.

महाधमनीत प्रवाह वेगवान व व्यास मोठा, म्हणून तेथे या नळ्या उत्तम चालतात. सुमारे ६ मिलिमीटरहून कमी व्यासाच्या वाहिनीत त्या लवकर बंद पडतात. म्हणून गुडघ्याखालील धमनीसाठी रुग्णाचीच सॅफेनस सिरा आजही श्रेष्ठ मानली जाते.

असा रुग्ण आपल्याकडे संधिवात वा मधुमेहासाठी येतो, तेव्हा आपली जबाबदारी सुरू होते. प्रथम सर्व चालू औषधांची नोंद घ्यावी. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वा वॉरफरिन शल्यचिकित्सकास विचारल्याविना बंद करू नये; नळी अकस्मात बंद पडून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. रसोन, हरिद्रा, शुंठी व गुग्गुळ यांत रक्तबिंबिकांचे संलगन कमी करण्याचा गुण प्रयोगांत दिसला आहे. म्हणून त्यांचे अर्क व मोठ्या मात्रा अशा रुग्णास सहज देऊ नयेत. औषधविक्रेत्यांनीही हे विचारूनच द्यावे. जलौकावचारण व सिराव्यध टाळावेत. नळीवरील भागी मर्दन करू नये.

ज्वर, नळीच्या जागी सूज वा स्राव दिसल्यास केवळ व्रणोपचार करीत बसू नये. कृत्रिम द्रव्यावर बसलेले जंतू औषधांस सहसा दाद देत नाहीत; कधी नळीच काढावी लागते. पाय एकाएकी थंड, पांढरा व वेदनायुक्त झाल्यास रुग्णास त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावे. येथे काही तासांचा विलंबही घातक ठरतो, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.