यंत्राच्या पोटातील संगणक

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपण –
• घरगुती संगणक व अंतःस्थापित संगणक यांतील फरक सांगू शकाल;
• संगणक-मॉड्यूलची रचना व तिचे प्रयोजन स्पष्ट करू शकाल;
• तंत्रज्ञानाची निवड करताना कोणते प्रश्न विचारावेत, हे सांगू शकाल.

प्रास्ताविक

'संगणक' हा शब्द उच्चारताच पडदा, कळफलक आणि माउस डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु जगातील बहुसंख्य संगणकांना यांपैकी काहीही नसते. लिफ्ट, कपडे धुण्याचे यंत्र, बाटल्या भरणारे यंत्र, तिकीट देणारे यंत्र, या सर्वांच्या पोटात संगणक असतो. तो स्वतः दिसत नाही. त्याचे काम तेवढे दिसते. अशा संगणकाला 'अंतःस्थापित संगणक' म्हणतात.

कसोटी वेगाची नव्हे, भरवशाची

घरातील संगणक अडला, तर माणूस तो बंद करून पुन्हा सुरू करतो. पाच मिनिटे वाया जातात, एवढेच. कारखान्यातील यंत्राचा संगणक अडला, तर मात्र फिरता पट्टा थांबतो, माल अडून राहतो आणि पाळीवर आलेल्या माणसांचे हात रिकामे राहतात. एखाद्या दूरच्या पंपगृहात तर बटण दाबायलाही कोणी नसते.

शिवाय या संगणकाच्या वाट्याला उष्णता, धूळ, सततची थरथर आणि अचानक जाणारी वीज येते. म्हणून त्याची रचना वेगळ्या विचाराने करावी लागते. काढता-घालता येणारे स्मृतिकार्ड थरथरीने सैल होऊ शकते. त्याऐवजी माहिती साठवणारी चिप बोर्डवरच डाखलेली असते. त्याच्या आत एक पहारेकरीही ठेवलेला असतो. हा पहारेकरी म्हणजे उलटी मोजणी करणारे घड्याळ होय. चालू असलेला प्रोग्राम ठरावीक वेळाने हे घड्याळ मागे सारतो. प्रोग्राम अडकला, की घड्याळ मागे सारले जात नाही. मोजणी शून्यावर येते आणि संगणक आपोआप नव्याने सुरू होतो. इंग्रजीत याला 'वॉचडॉग' असे नाव आहे.

एका बोर्डचे दोन भाग

असा संगणक प्रत्येक यंत्रासाठी मुळापासून तयार करणे सोपे नाही. प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामधून विजेचे संकेत अतिशय वेगाने धावतात. त्यांच्या वाटांची लांबी काटेकोरपणे जुळवावी लागते आणि बोर्डला अनेक थर द्यावे लागतात. लहान उद्योगाला हा खर्च व हे कौशल्य परवडत नाही.

यावर अभियंत्यांनी काढलेला उपाय विभागणीचा आहे. प्रोसेसर, स्मृती आणि साठवणीची चिप हा अवघड भाग एका छोट्या बोर्डवर तयार मिळतो. त्याला 'संगणक-मॉड्यूल' म्हणतात. हे मॉड्यूल ज्या मोठ्या बोर्डवर बसवतात, तो 'कॅरिअर बोर्ड' होय. वीजपुरवठा, मोटारी, संवेदक आणि पडदा यांच्या जोडण्या त्यावर असतात. ट्रॅक्टर एकच असतो. त्याच्यामागे कधी नांगर, कधी पेरणीयंत्र, तर कधी ट्रॉली जोडली जाते. त्याचप्रमाणे एकच मॉड्यूल निरनिराळ्या कॅरिअर बोर्डवर बसून निरनिराळी कामे करते. निरनिराळ्या कंपन्यांची मॉड्यूले परस्परांशी जुळावीत, यासाठी 2005 साली 'कॉम एक्सप्रेस' हे मानकही प्रसिद्ध झाले.

शिकण्यासाठी जन्मलेला संगणक

या क्षेत्रातील एका मॉड्यूलची कथा विद्यार्थ्यांपासून सुरू होते. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांना एक चिंता भेडसावत होती. संगणकशास्त्र शिकण्यासाठी अर्ज करणाऱ्या मुलांची संख्या घटत होती आणि संगणक हाताळण्याचा त्यांचा पूर्वानुभवही तोकडा पडत होता. मुलांना खिशातील पैशांत विकत घेता येईल आणि निर्भयपणे हाताळता येईल, असा संगणक हवा होता. 29 फेब्रुवारी 2012 रोजी 'रास्पबेरी पाय' बाजारात आला. त्याची किंमत होती 35 डॉलर.

हा संगणक विद्यार्थ्यांनी घेतलाच. पण अभियंत्यांनीही घेतला आणि आपल्या यंत्रांत बसवला. त्यांची गरज ओळखून 2014 साली 'कॉम्प्युट मॉड्यूल' तयार झाले. 67.6 मिलिमीटर लांब व 30 मिलिमीटर रुंद अशा या पट्टीवर प्रोसेसर, 512 मेगाबाइट स्मृती आणि 4 गिगाबाइट साठवण होती. बाहेरून तार जोडण्याची एकही खाच तिच्यावर नव्हती. ते काम कॅरिअर बोर्डकडे सोपवलेले होते.

परीक्षेचा काळ

2020 साली आलेल्या चौथ्या मॉड्यूलचा आकार 55 गुणिले 40 मिलिमीटर झाला आणि जोडणीही बदलली. ते अधिक समर्थ होते, पण जुन्या कॅरिअर बोर्डवर बसत नव्हते. पुढे जुन्या ग्राहकांसाठी जुन्या आकारातही नवे मॉड्यूल काढावे लागले. 2024 साली आलेल्या पाचव्या मॉड्यूलने मात्र चौथ्याचाच आकार कायम ठेवला.

याहून मोठी परीक्षा 2021 व 2022 या वर्षांत झाली. जगभर चिपांची टंचाई निर्माण झाली. मागणी मोठी, माल थोडा. मग आधी द्यायचा कोणाला? ज्यांचे उद्योग या संगणकांवर अवलंबून होते, त्यांना कंपनीने अग्रक्रम दिला. उद्योग थांबले असते, तर अनेकांची रोजीरोटी अडचणीत आली असती. त्यामुळे हा निर्णय समजण्यासारखा होता. तरीही ज्यांच्यासाठी या संगणकाचा जन्म झाला, त्या शिकणाऱ्यांनाच दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागले. 2023 साली पुरवठा सुधारत गेला.

या अनुभवाने एक गोष्ट स्पष्ट केली. मॉड्यूल निवडताना 'ते किती वेगवान आहे?' एवढेच विचारून भागत नाही. 'ते किती वर्षे मिळत राहील? बंद पडल्यास त्याच जागी दुसरे बसेल का?' हेही विचारावे लागते. वेगामुळे काम लवकर होते. ते वर्षानुवर्षे चालू राहते ते भरवशामुळे.

आपण काय शिकलात?

• अंतःस्थापित संगणकाची मुख्य कसोटी भरवसा ही आहे.
• अवघड भाग मॉड्यूलवर आणि गरजेनुसार बदलणारा भाग कॅरिअर बोर्डवर असतो.
• आकार, जोडणी व उपलब्धता यांचा विचार निवडीपूर्वीच करावा लागतो.

स्वाध्याय

1. 'पहारेकरी' घड्याळाचे कार्य चार-पाच वाक्यांत लिहा.
2. ट्रॅक्टरच्या उदाहरणातून कोणती कल्पना स्पष्ट होते? तशीच कल्पना स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण द्या.
3. टंचाईच्या काळात उद्योगांना अग्रक्रम देणे योग्य होते का? दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
4. आपल्या कामाच्या ठिकाणी किंवा परिसरात संगणक दडलेले एखादे यंत्र शोधा. ते एक दिवस बंद पडले, तर कोणाचे काम अडेल, याचे वर्णन करा.