कलणे आणि उलटणे

शिडाची होडी वाऱ्याने कलली की नवख्या माणसाच्या पोटात गोळा उठतो. परंतु कलणे निराळे आणि उलटणे निराळे. शिडात वारा भरल्यावर होडीने थोडेसे कलावे, हा तिचा धर्मच आहे.

१९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स या नौकाकाराने मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची चिमुकली होडी तयार केली. तिची लांबी सुमारे २.३ मीटर आणि वजन अवघे ३५ किलोग्रॅम! आज मुंबईच्या बंदरातही तुमच्या वयाची मुले तीत बसून शिडाचे पहिले धडे घेतात.

होडी कलूनही पुन्हा सरळ कशी होते? होडीचा व तीत बसलेल्यांचा सारा भार जणू एकाच बिंदूतून खाली ओढत असतो. तो गुरुत्वमध्य होय. उलट, पाणी होडीला वर रेटते. हा रेटा तिच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून लागतो. होडी डावीकडे कलली की डावा भाग अधिक बुडतो आणि पाण्याचा रेटाही डावीकडे सरकतो. मग रेटा डावी बाजू उचलतो आणि होडी सरळ होते. मात्र कोणी मध्येच उभा राहिला, तर गुरुत्वमध्य वर जातो. अशी होडी कलल्यावर भार रेट्याच्याही पलीकडे गेला, म्हणजे तोच भार तिला उलटवतो.

कोकणातील कोळ्यांनी यावर नामी युक्ती योजली आहे. अरुंद होडीच्या एका बाजूस, थोड्या अंतरावर, ते आडव्या दांड्यांनी एक ओंडका जोडतात. त्यास उलांडी म्हणतात. होडी त्या बाजूस कलू लागली की पाणी ओंडक्याला वर लोटते. विरुद्ध बाजूस कलली तर ओंडक्याचे वजन तिला आवरते.

ऑप्टिमिस्टला उलांडी नसते. तेथे मुलाचे शरीर हीच उलांडी! वारा येतो त्या बाजूच्या काठावर बसून त्याने अंग बाहेर झुकवायचे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील जोर चौपट होतो, म्हणून शिडाची दोरी हातातच हवी. ती कधीही बांधून ठेवू नये. जोराचा झोत आला की दोरी सोडावी. शीड फडफडू लागते, वारा निसटून जातो आणि होडी सावरते. सुकाणू फिरवून तिचे तोंड वाऱ्याकडे केले तरी चालते. दोरी बांधून निवांत बसलेल्याला या दोहोंसाठी क्षणाचीही सवड मिळत नाही.

एवढे करूनही होडी आडवी झाली तर? तीत हवेने भरलेल्या पिशव्या असतात, त्यामुळे ती तरंगत राहते. मुलाने प्रथम दोरी मोकळी करावी, नाहीतर शिडात साठलेले पाणी तिला उठू देत नाही. मग तळाच्या बाजूस पोहत जाऊन, तळातून बाहेर आलेल्या उभ्या फळीवर आपला भार टाकावा. डोलकाठी हळूहळू वर येते. नंतर आत चढून पाणी उपसावे. होडी सरळ झालीच नाही, तरी तिला धरून राहावे. पाण्यातून किनारा वाटतो त्याहून पुष्कळ दूर असतो. शोधणाऱ्यांना लाटांतील एवढेसे डोके दिसत नाही. उलटलेली होडी मात्र लांबूनही दिसते.