केशरी निळा का झाला?

माझ्या हाऊसमधल्या एका मित्राला तपकिरी आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. नकाशावाचनाच्या तासाला त्याची फार पंचाईत होते, कारण सर्व्हे ऑफ इंडियाच्या स्थलनिर्देशक नकाशावर समोच्च रेषा तपकिरी आणि झाडी हिरवी असते. त्याच्यासाठी सुट्टीत घरच्या संगणकावर मी विंडोजसाठी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. माउस ज्या पिक्सेलवर असेल, त्याच्या रंगाचे नाव तो सांगतो. (परीक्षेत अर्थात तो चालणार नाही, सरावालाच.)

पहिली चाचणी तिरंग्याच्या चित्रावर घेतली. पांढरा बरोबर आला, हिरवा बरोबर आला. केशरीवर माउस नेला तर उत्तर आले, निळा! मित्र म्हणाला, "अरे, हा निळा नाही एवढं तर मलाही दिसतं!"

गेटपिक्सेल हे फंक्शन रंगाची एकच संख्या देते. चित्रातला केशरी म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. फंक्शनने दिले ३३८१७५९. याला २५६ ने भागा. बाकी २५५, भागाकार १३२०९. तो पुन्हा भागा. बाकी १५३, भागाकार ५१. म्हणजे पहिली बाकी लाल, दुसरी हिरवा आणि उरला तो निळा. वेबपानाच्या रंगसंकेतात लाल सर्वांत मोठ्या स्थानी असतो, विंडोजच्या या संख्येत सर्वांत लहान स्थानी. मी वेबच्या सवयीने उलटे वाचले आणि ५१, १५३, २५५ असा आकाशी मिळाला.

मग बाकीचे दोन बरोबर कसे? पांढऱ्यात तिन्ही आकडे २५५, उलटले तरी तेच. झेंड्याचा हिरवा १९, १३६, ८ होता. तो उलटून ८, १३६, १९ होतो, म्हणजे हिरवाच राहतो. तेव्हा चाचणीला पांढरा, काळा किंवा हिरवा घेऊ नका, शुद्ध लाल घ्या.

दुसरी चूक मित्राला दिसणे शक्यच नव्हते. शाळेच्या लॅपटॉपवर प्रोग्राम समोच्च रेषेला हिरवी म्हणू लागला आणि त्याने ते खरे मानून वहीत उतरवले! शेजारी बसून पाहिले तेव्हा कळले, की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात उत्तर बरोबर येते आणि उजवीकडे, खाली जावे तसे बिघडते. पडदा १९२० × १०८० चा होता, पण अक्षरे मोठी दिसावीत म्हणून मोजमाप १२५ टक्के ठेवलेले. अशा वेळी विंडोज जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामला पडदा १५३६ × ८६४ आहे असे सांगते. माउस १००० व्या पिक्सेलवर, प्रोग्रामला कळते ८००, आणि रंग वाचला जातो भलत्याच जागेचा. खिडकी उघडण्याआधी, अगदी सुरुवातीला, सेटप्रोसेसडीपीआयअवेअर हे फंक्शन बोलावले आणि जागा जुळली.

वहीतली ती दोन पाने आम्ही दोघांनी मिळून पुन्हा काढली. आता अडचण स्कॅनची आहे. एकच तपकिरी रेषा जवळून पाहिली तर आठ-दहा छटांची निघते. त्यांपैकी कोणत्या छटेपर्यंत 'तपकिरी' म्हणायचे, ते रोज रात्री प्रेपनंतर त्याच्याबरोबर बसून ठरवतो आहे.